रंग टीव्हीत चुकतो की वाटेत? आधी मेन्यू उघडून बघा

सोलापुरात अक्कलकोट रोडला यंत्रमागाचा कारखाना असलेल्या एका तरुणाने विचारलं आहे. तो चादरींची डिझाइनं कॉम्प्युटरवर करतो. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत बाहेरगावचं गिऱ्हाईक येतं, त्यांना घड्या मोडून नग दाखवण्याआधी डिझाइन मोठ्या पडद्यावर दाखवावं म्हणून त्याने दुकानातल्या २१ इंची ट्यूबच्या टीव्हीला कॉम्प्युटर जोडला. कॉम्प्युटरमधून एचडीएमआय वायर एका छोट्या कन्व्हर्टर डबीत, आणि डबीतून पिवळी-पांढरी-लाल वायर टीव्हीच्या एव्हीत. चित्र आलं, पण काळं-पांढरं. मित्राकडची दुसरी डबी लावली तर रंग आले, पण बारीक चौकड्यांवर इंद्रधनुष्यासारखे पट्टे पळायला लागले, वरच्या डाव्या कोपऱ्यात जांभळा डाग दिसतो, आणि मरून रंग विटकरी दिसतो. एका मेकॅनिकने येऊन सांगितलं, "ट्यूब गेली, भंगारात द्या." खरंच गेली का, हा त्याचा प्रश्न.

नाही गेली. तुमच्याच सांगण्यातून ते कळतं. ट्यूब गेली असती तर एका डबीवर काळं-पांढरं आणि दुसरीवर रंगीत, असं झालं नसतं. तुम्ही एकच तक्रार म्हणून सांगताय, पण ते चार वेगवेगळे दोष आहेत आणि त्यातले तीन टीव्हीच्या बाहेरचे आहेत. गेली तीस वर्षं मी सोलापुरात टीव्ही दुरुस्त करतोय. "रंग चुकतो" म्हणून दुकानात आलेल्या सेटपैकी कितीतरी सेट मला उघडावेही लागले नाहीत. म्हणून चांगली ट्यूब भंगारात जाताना बघितली की जीव तुटतो. असल्या ट्यूब आता कुणी बनवत नाही.

पहिली परीक्षा फुकट आहे. टीव्ही एव्हीवर ठेवा आणि रिमोटने टीव्हीचा स्वतःचा मेन्यू उघडा. आवाजाची हिरवी पट्टी, निळी चौकट, पांढरी-पिवळी अक्षरं, जे काही तुमच्या सेटमध्ये येत असेल ते नीट बघा. ही अक्षरं टीव्हीच्या आत तयार होतात आणि रंग उलगडणारं सर्किट ओलांडून, लाल-हिरवा-निळा अशा सुट्या रूपात, थेट ट्यूबकडच्या शेवटच्या टप्प्यात मिसळतात. त्यामुळे मेन्यूतला पांढरा पांढराच आणि हिरवा हिरवाच दिसत असेल, तर ट्यूबच्या तिन्ही गन (लाल, हिरव्या, निळ्या रंगासाठी झोत सोडणारे भाग) आणि त्यांना चालवणारे ट्रान्झिस्टर शाबूत आहेत. दोष त्याच्या अलीकडे आहे: रंग उलगडणारं सर्किट, इनपुट, वायर, डबी किंवा कॉम्प्युटर. मेन्यूही निळसर-हिरवा दिसत असेल तर लाल गायब आहे, जांभळा-गुलाबी दिसत असेल तर हिरवा, आणि पिवळा दिसत असेल तर निळा. मग मात्र सेट जाणकाराकडे न्यायचा. त्यातही आधी ट्यूबच्या मानेवरचं छोटं बोर्ड तपासायला सांगा. तिथे उष्णतेने ड्राय सोल्डर होतं, म्हणजे सोल्डरचा जोड सुटतो, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात बंद कपाटात ठेवलेल्या सेटला तर हमखास. नुसतं नव्याने सोल्डर केल्यावर पूर्ण रंग परत आलेले सेट मी खूप बघितलेत.

मागचं झाकण स्वतः काढू नका. २१ इंची ट्यूबला साधारण २५,००० व्होल्ट लागतात आणि प्लग काढल्यावरही ट्यूबमध्ये भार शिल्लक राहतो. माझ्या दुकानात नवीन येणाऱ्या पोराला पहिले सहा महिने मी झाकणाला हात लावू देत नाही.

आता काळ्या-पांढऱ्या चित्राबद्दल. आपल्याकडे १९८२ साली, दिल्लीच्या आशियाई खेळांच्या वर्षी, रंगीत प्रक्षेपण सुरू झालं ते पाल पद्धतीने. अमेरिका आणि जपानची पद्धत एनटीएससी. दोन्ही पद्धतींत एकाच तारेतून उजेडाची माहिती जाते आणि तिच्यातच रंगाची माहिती एका ठराविक कंपनसंख्येवर बसवलेली असते. पालमध्ये ती ४.४३ मेगाहर्ट्झ, एनटीएससीमध्ये ३.५८. पालसाठी केलेला टीव्ही ४.४३ वर रंग शोधतो. तिथे काही सापडलं नाही तर चुकीचा रंग दाखवण्यापेक्षा रंग बंदच करतो. त्या सर्किटला आम्ही कलर किलर म्हणतो. उजेडाची माहिती त्याला वाचता येतेच, म्हणून स्वच्छ काळं-पांढरं चित्र दिसतं. याचा अर्थ टीव्ही बिघडलेला नाही, तो त्याला शिकवलं तसंच वागतोय.

तुमची पहिली डबी हातात घ्या. बाजूला नखाने सरकेल एवढं एक बटण असेल, एका टोकाला पाल आणि दुसऱ्या टोकाला एनटीएससी लिहिलेलं. अशा डब्या बऱ्याचदा एनटीएससीवर ठेवलेल्याच मिळतात. ते पालकडे सरकवा, डबीची वीज काढून परत लावा. बहुतेक रंग तिथल्या तिथे येतील. नाही आले तर टीव्हीच्या मेन्यूत कलर सिस्टीम शोधा. ती एनटीएससीवर अडकलेली असेल तर ऑटो किंवा पाल करा. कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्ये पाल शोधत बसू नका. अशा जोडणीत पाल की एनटीएससी हे डबी ठरवते, कॉम्प्युटरला त्याचा पत्ताही नसतो.

काळ्या-पांढऱ्याचं आणखी एक कारण आहे आणि ते डोळ्यांसमोर असून दिसत नाही. नंतरच्या काही ट्यूबच्या टीव्हींना मागे डीव्हीडीसाठी हिरवं, निळं, लाल अशी तीन भोकं असतात. तो कंपोनंट इनपुट. हिरव्या भोकात फक्त उजेडाची माहिती अपेक्षित असते. टीव्ही भिंतीला टेकलेला, मागे अंधार, हाताने चाचपडत पिवळी पिन हिरव्या भोकात बसवली की चित्र येतं आणि रंग येत नाही. मग डबी बदला, वायर बदला, काही फरक पडत नाही. मोबाईलचा उजेड पाडून पिवळी पिन पिवळ्याच भोकात आहे ना, एवढं बघा.

जुन्या ग्राफिक्स कार्डाच्या गोल एस-व्हिडिओ सॉकेटमधून वायर काढणाऱ्यांनाही हाच अनुभव येतो. तिथे उजेड एका पिनेवर आणि रंग दुसऱ्या पिनेवर असतो. साधं रूपांतर करणारी पिन लावून त्यातला फक्त उजेड पिवळ्या वायरीत आला, तर काळं-पांढरं दिसणारच. रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा कॉम्प्युटर जोडत असाल तर तो मुळात एनटीएससी सोडतो. त्याची सिस्टीम जुनी असेल तर कॉन्फिग फाइलमध्ये एसडीटीव्ही मोडची किंमत २ केली की पाल मिळतं.

कोपऱ्यातला जांभळा डाग मेन्यू उघडल्यावरही तिथेच राहतो का बघा. राहत असेल तर ते चुंबकाचं काम. ट्यूबच्या काचेआत बारीक छिद्रांचा पोलादी पत्रा असतो, शॅडो मास्क. लाल गनचा झोत फक्त लाल ठिपक्यावर पडावा हे काम तो करतो. त्याला चुंबकत्व आलं की झोत थोडा वाकतो आणि शेजारच्या रंगाच्या ठिपक्यावर पडतो. म्हणून डाग एकाच जागी राहतो, चित्र बदललं तरी हलत नाही.

साखर पेठेतल्या एका आजोबांचा सेट असाच होता. अर्धा पडदा हिरवा, अर्धा गुलाबी. गणपतीत मंडळाचे दोन मोठे स्पीकर आठवडाभर त्यांच्या घरात ठेवले होते, टीव्हीला अगदी खेटून. विसर्जनाच्या मिरवणुकीला स्पीकर गेले, रंग मागे राहिले. आजोबांना वाटलं टीव्ही गेला, आणि तो सेट त्यांच्या मुलाने पहिल्या पगारातून घेतलेला. मी डीगॉसिंग कॉइल, म्हणजे चुंबकत्व घालवणारं तारेचं वेटोळं, घेऊन गेलो. पडद्यासमोर ती सुरू करून गोल गोल फिरवली, फिरवतच हळूहळू दोन मीटर मागे आलो आणि तिथे बंद केली. पडद्याजवळच बंद केली असती तर होतं त्यापेक्षा वाईट झालं असतं. दहा मिनिटांचं काम. पांढरा पडदा परत पांढरा झाला तेव्हा आजोबांनी काचेवरून हात फिरवून बघितला.

तुम्हाला कदाचित कॉइलही लागणार नाही. टीव्हीत एक कॉइल मुळातच बसवलेली असते. पण बहुतेक जुन्या सेटमध्ये ती मेन स्विचने टीव्ही चालू केल्यावरच काम करते, रिमोटने नाही. "भुंग" असा जो आवाज येतो तो तिचाच. तिच्यासोबतचा थर्मिस्टर (गरम झाला की वीज अडवणारा भाग) गार व्हायला वेळ लागतो, म्हणून लागोपाठ बंद-चालू करून उपयोग नाही. कॉम्प्युटरचे स्पीकर, स्टॅबिलायझर, मोटर, जे काही शेजारी असेल ते आधी तीन-चार फूट लांब न्या. मग टीव्ही मेन स्विचने अर्धा तास बंद ठेवून चालू करा. असं दोन-तीन दिवस करून बघा. डाग फिकट होत गेला तर तसंच चालू ठेवा. अजिबात हलला नाही तर कॉइलवाला बोलवा. घरातलं लोहचुंबक फिरवून डाग घालवायचा प्रयोग करू नका.

आता तुमच्या इंद्रधनुष्याकडे येतो. हे लोकांना समजावून सांगायला मला सगळ्यात जास्त आवडतं, कारण इथे कुठलीच वस्तू बिघडलेली नाही.

वर सांगितलं की पिवळ्या वायरीत उजेड आणि रंग एकत्र विणलेले असतात. टीव्हीला ते उसवावे लागतात. ४.४३ मेगाहर्ट्झच्या आसपास जे सापडेल तो रंग, बाकीचा उजेड, असा त्याचा ढोबळ हिशोब. आता तुमच्या डिझाइनमध्ये काळ्या-पांढऱ्या उभ्या रेघा इतक्या दाट आल्या की झोत एक ओळ आखताना त्याच वेगाने काळा-पांढरा होतोय, तर टीव्हीची फसगत होते. रेघांनाच तो रंग समजतो आणि नसलेले रंग काढून दाखवतो. दर फ्रेमला रंगाच्या लहरीची जागा थोडी सरकते, म्हणून ते पट्टे पळताना दिसतात. ट्यूबच्या जमान्यात बातम्या देणाऱ्यांना बारीक रेघांचा सदरा किंवा दाट चौकडीची साडी नेसू देत नसत, ते याचसाठी.

याचा आकडाही काढता येतो. पालमध्ये एका ओळीतला दिसणारा भाग सुमारे ५२ मायक्रोसेकंदांचा असतो. त्याला ४.४३ ने गुणा. पडद्याच्या पूर्ण रुंदीत काळ्या-पांढऱ्या रेघांच्या साधारण २३० जोड्या आल्या की हा प्रकार सगळ्यात जास्त होतो. म्हणून पूर्ण चादर एकदम पडद्यावर टाकू नका. किनार वेगळी, मधला भाग वेगळा, बुट्टी वेगळी, असं मोठं करून दाखवा, म्हणजे रेघांच्या जोड्या दीडशेच्या आत राहतील आणि पट्टे निघून जातील. तसंही पालच्या पडद्यावर दिसणाऱ्या ओळी ५७६ च असतात. चादरीतले हजारो धागे त्यात मावणार कसे? आडव्या एकेरी रेघा थरथरतात त्याचं कारण वेगळं: टीव्ही एका खेपेला विषम ओळी आखतो आणि दुसऱ्या खेपेला सम, त्यामुळे एकाच ओळीएवढी रेघ सेकंदाला पंचवीस वेळाच उजळते. डिझाइन मोठं केलं की तेही थांबतं. टीव्हीला आणि कॉम्प्युटरला दोन्हीकडे एस-व्हिडिओ असेल तर रंग वेगळ्या तारेतून जातो आणि इंद्रधनुष्याचा प्रश्न मुळातूनच सुटतो. तशी वायर जुन्या बाजारात मिळाली तर सोडू नका.

पिवळ्या वायरीतून लाल रंग कडेला पसरतो, हेही लक्षात ठेवा. पालमध्ये रंगाला उजेडाच्या सुमारे पाव हिस्साच जागा मिळते. गडद निळ्यावर बारीक लाल अक्षरात नाव लिहिलंत तर ते वाचता येणार नाही. पांढऱ्यावर काळं किंवा काळ्यावर पांढरं ठेवा.

ज्यांच्याकडे ट्यूब नाही पण पहिल्या पिढीतला एलसीडी आहे, त्यांचा दोष वेगळ्या जातीचा असतो. एचडीएमआयमधून कॉम्प्युटर दोन प्रकारे रंग पाठवू शकतो: लाल-हिरवा-निळा सुटे म्हणजे आरजीबी, किंवा एक उजेड आणि दोन रंगफरक म्हणजे वायसीबीसीआर. पाठवणारा एक बोलतो आणि ऐकणारा दुसरं समजतो, असं झालं की काय दिसतं ते पाठ करून ठेवा. काळा जांभळा आणि पांढरा हिरवट दिसला तर कॉम्प्युटर वायसीबीसीआर पाठवतोय आणि टीव्ही आरजीबी समजतोय. उलट काळा हिरवा आणि पांढरा गुलाबी दिसला तर कॉम्प्युटरचं आरजीबी टीव्ही वायसीबीसीआर म्हणून वाचतोय. ग्राफिक्स कार्डाच्या सेटिंगमध्ये, एनव्हिडियात आउटपुट कलर फॉरमॅट आणि एएमडीत पिक्सेल फॉरमॅट या नावाने, हे बदलता येतं. एकदा बदलून बघा, क्षणात कळतं.

व्हीजीए, म्हणजे कॉम्प्युटरच्या जुन्या पंधरा पिनांच्या वायरीने जोडलेल्या एलसीडीवर एकच रंग गेला असेल तर वायर काढून तिचं तोंड बघा. रुंद बाजूच्या रांगेतल्या पहिल्या तीन पिना लाल, हिरवा, निळा. त्यातली एखादी वाकलेली सापडेल. चिमट्याने हलकेच सरळ करा. मधल्या रांगेतली एक पिन, नववी, बऱ्याच वायरींत मुळातच नसते. ती तुटली समजून वायर टाकू नका. आणि एका टोकाला व्हीजीए, दुसऱ्या टोकाला तीन रंगीत पिना अशी जी साधी वायर बाजारात मिळते, ती ट्यूबच्या टीव्हीसाठी घेऊ नका. कॉम्प्युटर व्हीजीएमधून सेकंदाला ३१,००० च्या वर ओळी सोडतो, पालचा टीव्ही १५,६२५ ओळी आखतो. मध्ये डबीशिवाय ते जुळत नाही. माझ्याकडे येणारे निम्मे लोक ती वायर आधीच घेऊन आलेले असतात.

राहिला तुमचा मरून. पाल पद्धतीत दर ओळीला रंगाची एक बाजू उलटवतात आणि टीव्ही शेजारच्या दोन ओळींची सरासरी घेतो, म्हणून वाटेत झालेली रंगछटेची चूक आपोआप खोडली जाते, फार तर रंग थोडा फिका होतो. त्यामुळे मरूनचा विटकरी झाला तो वायरीत झाला, असं मला वाटत नाही. आधी कॉम्प्युटरमधला नाइट लाइट बंद आहे का बघा. संध्याकाळी सगळं तांबूस करणारं ते सेटिंग चालू राहून गेलेलं मी अनेकांकडे बघितलंय. मग ब्राइटनेस. मरून हा गडद रंग आहे. ब्राइटनेस गरजेपेक्षा जास्त ठेवला की काळा राखाडी होतो आणि मरून विटेवर जातो.

कॉम्प्युटरवरच्या पेंट प्रोग्रॅममध्ये दोन उभ्या पट्ट्या काढा, एक पूर्ण काळी आणि शेजारी तिन्ही रंगांचा आकडा २० ठेवलेली. दुकानाचं शटर अर्धं खाली ओढा म्हणजे काचेवर ऊन पडणार नाही. टीव्हीचा कलर शून्यावर आणा. आता ब्राइटनेस कमी करत जा. काळी पट्टी बंद टीव्हीएवढी काळी झाली आणि शेजारची अजून जेमतेम वेगळी दिसतेय, तिथे थांबा. मग पांढरा डोळ्यांना टोचणार नाही एवढा कॉन्ट्रास्ट ठेवा. कलर शून्यावर असताना राखाडी पट्टीवर लालसर किंवा हिरवट झाक दिसली तर ट्यूबचा व्हाइट बॅलन्स, म्हणजे तिन्ही रंगांचा समतोल, सरकलाय. ते आतलं काम, सेट माझ्याकडे घेऊन या. झाक नसेल तर कलर हळूहळू वाढवा आणि एखाद्याचा चेहरा असलेला फोटो लावून थांबण्याची जागा ठरवा, चादर लावून नाही. चेहऱ्याचा रंग चुकला की डोळ्याला लगेच कळतं.

एवढं केल्यावर मरून मरूनसारखा दिसेल. पण ऑर्डर टीव्हीवरच्या रंगावर घेऊ नका. पडद्याशेजारी त्याच डिझाइनच्या सुताच्या कांड्या ठेवा, गिऱ्हाईकाला त्या दुकानाच्या दारात उजेडाला नेऊन दाखवा, आणि पसंत पडलेल्या सुताचा तुकडा ऑर्डरच्या कागदाला स्टेपल करा.